सोर्सचं नाव सांगून मागवलेला मल्टिकास्ट : राउटरवर एसएसएम कसं लावायचं आणि कसं तपासायचं

बेळगावच्या हेडएंडवरून, म्हणजे चॅनल जिथून सोडले जातात त्या केंद्रातून, निघणारा एक एसडी चॅनल ४ एमबीपीएसचा धरू. निपाणीत तो एका वेळी २०० घरांत लागला आणि प्रत्येक घराला वेगळा प्रवाह पाठवला, तर बेळगाव-संकेश्वर-निपाणी या फायबरवर त्या एका चॅनलचेच ८०० एमबीपीएस जातात. मल्टिकास्टमध्ये, म्हणजे एकच प्रवाह पाठवून त्याच्या प्रती पुढे काढण्याच्या पद्धतीत, त्याच फायबरवरून ४ एमबीपीएसच जातात. प्रती काढायचं काम निपाणीचा राउटर आणि त्याच्या पुढचे स्विच करतात. मराठी, कन्नड, हिंदी असे शंभर-सव्वाशे चॅनल द्यायचे असतील तर छोट्या शहरातल्या ऑपरेटरला याशिवाय परवडण्यासारखा रस्ता नाही.

मल्टिकास्टचं मूळ मॉडेल १९८९ सालच्या आरएफसी १११२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) मधलं, स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडलेलं. त्यात घेणारा फक्त ग्रुपचा पत्ता सांगतो: मला २३९.१०.१.१ हवा. त्या पत्त्यावर कोण पाठवतंय हे तो सांगत नाही, त्यामुळे ते शोधण्याची जबाबदारी राउटरवर येते. त्यासाठी रांदेव्हू पॉइंट म्हणजे आरपी नेमावा लागतो, सोर्सजवळच्या राउटरने त्याच्याकडे नोंदणी करावी लागते, आधी आरपीमार्गे आलेला प्रवाह नंतर जवळच्या वाटेवर वळवावा लागतो. शिवाय त्या ग्रुपवर दुसऱ्या कोणी काहीही पाठवलं तरी ते सगळ्या घेणाऱ्यांपर्यंत पोचतं.

सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्टमध्ये, म्हणजे एसएसएममध्ये, घेणारा दोन्ही गोष्टी सांगतो: ग्रुप २३२.१०.१.१ आणि तोही १०.२०.१.१० या एन्कोडरकडूनच (एन्कोडर म्हणजे चॅनल नेटवर्कवर सोडणारं उपकरण). रतीब लावताना नुसतं ‘दूध’ न सांगता कुठल्या गवळ्याकडचं तेही सांगावं, तसं. या जोडीला ‘एस कॉमा जी’ म्हणतात. सोर्स आधीच माहीत असल्यामुळे आरपी लागत नाही, नोंदणी लागत नाही. घेणाऱ्याजवळचा राउटर सरळ सोर्सच्या दिशेने, एकेका राउटरला मागणी देत, झाड, म्हणजे प्रवाहाची फांद्या फुटत जाणारी वाट, उभं करतो. यासाठी आयपीव्ही४ मध्ये २३२.०.०.०/८ हा पट्टा राखून ठेवलेला आहे आणि नियम २००६ च्या आरएफसी ४६०७ मध्ये आहेत. एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट न्यायचा असेल तर जुनी पद्धत सोडून एसएसएमच वापरा, असं २०२० च्या आरएफसी ८८१५ ने स्पष्ट सांगितलं आहे. टीव्हीसाठी तर सोर्स आपलाच आणि ठरलेला असतो, त्यामुळे नव्याने उभारणी करताना आरपी बसवण्याचं कारणच उरत नाही.

मेख एकच आहे. सोर्सचं नाव गिऱ्हाइकाच्या सेट-टॉप बॉक्सपासून राउटरपर्यंत न गळता पोचलं पाहिजे. ते नाव वाहून नेतो तो आयजीएमपी व्हर्जन ३; आयजीएमपी म्हणजे बॉक्सने राउटरकडे ग्रुप मागण्याची भाषा, आणि तिचं व्हर्जन ३ पहिल्यांदा आलं ते २००२ च्या आरएफसी ३३७६ मध्ये. व्हर्जन २ च्या मागणीत सोर्ससाठी जागाच नाही. मध्ये कुठेही व्हर्जन २ बोलणारं उपकरण आलं की नाव तिथेच गळतं आणि राउटर ती मागणी बाजूला टाकतो. म्हणून एसएसएमची तपासणी एन्कोडरपासून पुढे करू नये. निपाणीच्या घरातल्या वायरपासून बेळगावकडे मागे मागे करावी. पुढची तपासणी त्याच क्रमाने आहे.

उदाहरणासाठी एक नेटवर्क धरू. बेळगावात हेडएंड आणि राउटर, संकेश्वरात मधला राउटर, निपाणीत शेवटचा. निपाणीहून चिक्कोडी-गोकाकवरून बेळगावला येणारी दुसरी, राखीव वाट आहे. खानापूरला बेळगावहून एकच सरळ लाइन. मराठी चॅनलचा एन्कोडर १०.२०.१.१०, कन्नड चॅनलचा १०.२०.१.११. निपाणीत गिऱ्हाइकांचा व्हीलॅन (स्विचवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) १००, राउटरचा पत्ता १०.४०.०.१. सगळीकडे ओएसपीएफ (राउटरांनी आपसात वाटा ठरवण्याची पद्धत) चालू आहे आणि निपाणीहून दोन्ही एन्कोडर पिंग होतात. साधं राउटिंग नीट नसेल तर मल्टिकास्टला हात लावू नका, कारण झाड उभं राहतं ते त्याच राउटिंग टेबलच्या आधाराने.

पत्ते ठरवताना

२३२ चा पट्टा मोठा आहे म्हणून कुठलाही आकडा उचलायचा नाही. २३२.०.०.१ ते २३२.०.०.२५५ हे पत्ते राखीव आहेत. दुसरी अडचण स्विचमध्ये आहे. मल्टिकास्ट आयपीचा मॅक पत्ता (ज्यावरून स्विच पोर्ट ठरवतो तो) बनतो तेव्हा ०१:००:५ई च्या पुढे आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट घेतले जातात, म्हणून ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३२.१०.१.१, २३२.१३८.१.१ आणि २३९.१०.१.१ या तिघांचा मॅक ०१:००:५ई:०ए:०१:०१ हाच. मॅक पाहून पुढे पाठवणारा स्विच यांच्यात फरक करू शकत नाही. एक चॅनल मागितलेल्या पोर्टवर दुसराही ओततो. २३२.०.०.x आणि २३२.१२८.०.x हे तर २२४.०.०.x च्या मॅकवर येतात. त्या मॅकचे पॅकेट बहुतेक स्विच सगळ्या पोर्टवर सोडतात, कारण राउटिंग प्रोटोकॉलचे संदेश तिथून जातात. म्हणून दुसरा आकडा १ ते १२७ मध्ये ठेवावा आणि सगळ्या चॅनलसाठी तो एकच असावा. २३२.१०.१.x मराठी, २३२.१०.२.x कन्नड अशी साधी मांडणी पुरते.

तत्त्वानुसार एसएसएममध्ये दोन सोर्स एकच ग्रुप वापरू शकतात, जोडी वेगळी असली म्हणजे झालं. राउटरला ते चालतं. पण मॅकवर चालणाऱ्या स्विचला चालत नाही, म्हणून तरीही प्रत्येक चॅनलला वेगळा ग्रुप द्यावा.

राउटरवरचं कॉन्फिग

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; राउटरवर अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. सिस्को आयओएसवर तिन्ही-चारही राउटरमध्ये ग्लोबल मोडला दोन ओळी:

आयपी मल्टिकास्ट-राउटिंग
आयपी पिम एसएसएम डिफॉल्ट

पिम म्हणजे राउटरांनी मल्टिकास्टची मागणी एकमेकांकडे पाठवण्याचा प्रोटोकॉल. दुसरी ओळ २३२/८ ला एसएसएम म्हणून ओळखायला लावते. ती फक्त निपाणीच्या राउटरवर पुरेशी आहे असं काही जण मानतात, आणि झाड उभं राहण्यापुरतं ते खरंही आहे. पण बेळगावच्या राउटरवर ती नसेल आणि जुना आरपी कॉन्फिगमध्ये उरलेला असेल, तर तो राउटर २३२ च्या प्रवाहाचीही आरपीकडे नोंदणी करत बसतो. सगळीकडे टाका.

मग प्रत्येक संबंधित इंटरफेसवर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’. यात सर्वांत जास्त विसरला जातो तो एन्कोडरकडचा इंटरफेस. तिथे कोणी पिम शेजारी नाही म्हणून सोडून दिला जातो, पण पिम नसलेल्या इंटरफेसवरून आलेला मल्टिकास्ट राउटर पुढे नेत नाही. त्याखालोखाल विसरतात ती राखीव वाटेवरची, चिक्कोडीकडची लिंक. तिचा हिशेब पुढे येईलच.

निपाणीच्या व्हीलॅन १०० वर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ आणि ‘आयपी आयजीएमपी व्हर्जन ३’. आयओएसमध्ये मूळ व्हर्जन २ असतं, म्हणून ही ओळ राहिली की बाकी सगळं बरोबर असूनही चित्र येत नाही. गिऱ्हाइकांच्या बाजूला राउटरने पिमचे शेजारी जोडू नयेत यासाठी स्पार्स-मोडऐवजी ‘आयपी पिम पॅसिव्ह’ची सोय असेल तर ती वापरावी. ज्युनिपरवर २३२/८ मुळातच एसएसएम धरलेला असतो. इंटरफेसवर पिम आणि आयजीएमपी व्हर्जन ३ द्यायचं, बस्स. लिनक्सवरच्या एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये कमांड सिस्कोसारख्याच आहेत. आयपीव्ही६ असेल तर २३२ ऐवजी एफएफ३x ने सुरू होणारे पत्ते आणि आयजीएमपी ३ ऐवजी एमएलडी व्हर्जन २, विचार तोच.

मध्ये फायरवॉल किंवा ॲक्सेस लिस्ट असेल तर आयपी प्रोटोकॉल क्रमांक १०३ (पिम) आणि २ (आयजीएमपी) मोकळे हवेत. यांना टीसीपी-यूडीपीचे पोर्ट नसतात, त्यामुळे ‘यूडीपी मोकळं केलंय’ म्हणून भागत नाही. आणि वरच्या इंटरनेट पुरवठादाराकडे जाणाऱ्या इंटरफेसवर पिम लावू नका.

ओएलटी आणि स्विच

आपल्या भागात शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी जीपॉन किंवा ईपॉनचा, म्हणजे एका फायबरला फांद्या काढून अनेक घरं जोडण्याचा, आहे, आणि एसएसएमचा जीव तिथेच अडकतो. ओएलटीमध्ये, म्हणजे त्या फायबरच्या ऑपरेटरकडच्या टोकाच्या उपकरणात, आयजीएमपी स्नूपिंग किंवा प्रॉक्सी असते. स्नूपिंग म्हणजे जाणाऱ्या मागण्या नुसत्या ऐकून कुठल्या पोर्टला काय द्यायचं ते ठरवणं. प्रॉक्सी म्हणजे मागण्या स्वतः घेऊन वर आपल्या नावाने नवी मागणी करणं. प्रॉक्सी व्हर्जन २ वर असेल तर बॉक्सने व्हर्जन ३ मध्ये व्यवस्थित सांगितलेलं सोर्सचं नाव ओएलटी टाकून देतो. सेटिंगमध्ये व्हर्जन ३ आहे का, आणि प्रॉक्सी सोडून नुसतं स्नूपिंग ठेवता येतं का, हे खरेदीच्या आधी विचारावं. काही स्वस्त स्विच व्हर्जन ३ ची मागणी ओळखतच नाहीत. व्हर्जन ३ च्या मागण्या २२४.०.०.२२ या पत्त्यावर जातात, व्हर्जन २ च्या मात्र थेट ग्रुपच्या पत्त्यावर. स्विचचं सॉफ्टवेअर जुनं असलं की हा फरक त्याला कळत नाही.

दुसरा धोका क्वेरियरचा. ‘कोणाला काय हवंय’ हे ठराविक वेळाने विचारणारं एकच उपकरण त्या व्हीलॅनमध्ये असतं, आणि ज्याचा आयपी सर्वांत लहान तो निवडून येतो. एखाद्या स्विचमध्ये क्वेरियर चालू राहिला, त्याचा पत्ता राउटरपेक्षा लहान निघाला आणि तो व्हर्जन २ मध्ये विचारायला लागला, तर व्हर्जन ३ जाणणारे बॉक्सही त्याच्यासाठी व्हर्जन २ वर उतरतात. सोर्सचं नाव गेलं. हे पकडायला निपाणीच्या राउटरवर ‘शो आयपी आयजीएमपी इंटरफेस व्हीलॅन १००’ द्या आणि क्वेरियर म्हणून १०.४०.०.१ च दिसतोय का ते पाहा. दुरुस्ती केल्यावर लगेच सुधारणा दिसली नाही म्हणून परत काही बदलू नका. बॉक्स जुना क्वेरियर विसरायला प्रमाणित वेळेनुसार २ × १२५ + १० म्हणजे २६० सेकंद घेतो.

बॉक्सच जुना, फक्त व्हर्जन २ चा असेल तर राउटरवर एसएसएम मॅपिंग करता येतं. २३२.१०.१.१ ची मागणी सोर्सशिवाय आली तरी तिचा सोर्स १०.२०.१.१० धरायचा, असं राउटरला शिकवायचं:

ॲक्सेस-लिस्ट १० परमिट २३२.१०.१.१
आयपी आयजीएमपी एसएसएम-मॅप एनेबल
नो आयपी आयजीएमपी एसएसएम-मॅप क्वेरी डीएनएस
आयपी आयजीएमपी एसएसएम-मॅप स्टॅटिक १० १०.२०.१.१०

तिसरी ओळ वगळली तर या यादीत न सापडलेल्या ग्रुपसाठी राउटर डीएनएसला विचारायला जातो. मॅपिंग ही तात्पुरती सोय समजा. एन्कोडरचा पत्ता बदलला की प्रत्येक शेवटच्या राउटरवर ती बदलावी लागते.

तपासणी, पहिला भाग: प्रवाह नसताना

एसएसएमची एक मोठी सोय फार थोडे लोक वापरतात. सोर्स पाठवत नसला तरी मागणी आली की झाड पूर्ण उभं राहतं. म्हणजे एन्कोडर बसायच्या आधीच सगळी वाट तपासून घेता येते.

निपाणीत लॅपटॉप वायरने जोडा. वायफायवर ही चाचणी करू नये: तिथे मल्टिकास्ट कमी वेगाने जातो आणि ॲक्सेस पॉइंट स्वतःच्या क्लृप्त्या लावतो. वायफाय बंदच करा, नाहीतर मागणी भलत्याच इंटरफेसवरून निघते. व्हीएलसीमध्ये पत्ता द्या: यूडीपी://१०.२०.१.१०@२३२.१०.१.१:५०००. ॲटच्या आधी सोर्स येतो. तो विसरलात तर मागणी सोर्सशिवायची होते आणि राउटर ती झिडकारतो.

शेजारच्या खिडकीत टीसीपीडम्प किंवा वायरशार्क या पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आयजीएमपी पाहा. मागणीत ग्रुप २३२.१०.१.१, प्रकार ‘अलाउ’ आणि कंसात १०.२०.१.१० दिसलं पाहिजे. त्याऐवजी ‘एक्सक्लूड’ प्रकार आणि सोर्सची जागा रिकामी दिसली तर चूक प्लेअरच्या पत्त्यात आहे. व्हर्जन २ ची मागणी दिसली तर वर सांगितलेला क्वेरियर शोधा. मग राउटरवर ‘शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स २३२.१०.१.१ डिटेल’. इथे ‘इन्क्लूड’ मोड आणि खाली सोर्स हवा. लॅपटॉपवर मागणी नीट आहे पण राउटरवर काही नाही, तर दोष मधल्या ओएलटीत किंवा स्विचमध्ये. ही एक तुलना अर्धा दिवस वाचवते.

आता मागे चला. निपाणीच्या राउटरवर ‘शो आयपी आरपीएफ १०.२०.१.१०’. उत्तरात इंटरफेस संकेश्वरकडचा आणि आरपीएफ शेजारी म्हणून संकेश्वरचा राउटर यायला हवा. आरपीएफ म्हणजे सोर्सकडे परत जायची वाट. मल्टिकास्ट त्याच वाटेने आला तरच राउटर तो स्वीकारतो. ‘शो आयपी एमराउट २३२.१०.१.१’ मध्ये जोडी, लहान ‘एस’ हा फ्लॅग, आत येणारा इंटरफेस आणि बाहेर जाणारा व्हीलॅन १०० दिसतो. तारका असलेली, म्हणजे सोर्स नसलेली नोंद दिसली तर २३२ ला एसएसएम मानणारी ओळ राहिली आहे. आत येणाऱ्या इंटरफेसच्या जागी ‘नल’ असेल तर सोर्सकडे राउट नाही किंवा त्या दिशेला पिम शेजारी नाही; ‘शो आयपी पिम नेबर’ने लगेच कळतं. हाच क्रम संकेश्वरला, मग बेळगावला. बेळगावच्या राउटरवर आरपीएफ शेजारी ०.०.०.० दिसतो. तिथे तेच बरोबर आहे, कारण सोर्स थेट जोडलेला आहे.

दुसरा भाग: प्रवाह सोडून

एन्कोडर ऐवजी आधी आयपर्फ हा चाचणीचा प्रवाह सोडणारा प्रोग्रॅम वापरावा, म्हणजे पॅकेट मोजता येतात. आयपर्फ २ हवा. आयपर्फ ३ मल्टिकास्ट करत नाही. बेळगावच्या लॅपटॉपला १०.२०.१.१० पत्ता द्या आणि यूडीपीने २३२.१०.१.१ कडे ४ एमबीपीएस, प्रत्येक पॅकेटमध्ये १३१६ बाइट, टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं ते ठरवणारा आकडा) १६, वेळ ६०० सेकंद असं सोडा. १३१६ हा आकडा मुद्दाम: टीव्हीच्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे १८८ बाइटचे ७ तुकडे. आयपी आणि यूडीपी मिळून २८ बाइट धरले तरी १३४४ होतात, म्हणजे मध्ये टनेल असला तरी तुकडे पडत नाहीत. निपाणीत आयपर्फ सर्व्हर ग्रुपला बांधा आणि ‘एसएसएम-होस्ट’ पर्यायात सोर्स द्या.

४ एमबीपीएसला सेकंदाला सुमारे ३८० पॅकेट व्हायला हवेत. ‘शो आयपी एमराउट काउंट’ तिन्ही राउटरवर पाहा आणि आकडे जुळवा. बेळगावला ३८०, संकेश्वरला ३८०, निपाणीला ३१० असेल तर नुकसान संकेश्वर-निपाणी लिंकवर. नुसते फ्लॅग पाहून समाधान मानू नका. त्याच उत्तरात आरपीएफमुळे टाकलेली पॅकेट वेगळी मोजलेली असतात. तो आकडा वाढत असेल तर प्रवाह भलत्या वाटेने येतोय.

बेळगावच्या पोर्टवर पॅकेट येताहेत पण मल्टिकास्टची मोजणी शून्य, असं दिसलं तर आधी टीटीएल बघा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आणि काही एन्कोडरमध्ये मल्टिकास्टचा टीटीएल मुळात १ असतो. तो पहिल्याच राउटरवर संपतो. हेडएंडच्या स्विचवर चित्र दिसतं, निपाणीत नाही, आणि कॉन्फिगमध्ये चूक सापडत नाही, ती यामुळे. ‘शो आयपी ट्रॅफिक’मध्ये ‘बॅड हॉप काउंट’ वाढताना दिसेल.

हे जमलं की उलटी चाचणी घ्या. ती सोडून दिली तर एसएसएम खरंच चाललंय का हे कळतच नाही, कारण चित्र जुन्या पद्धतीनेही दिसतं. बेळगावात दुसऱ्या लॅपटॉपवरून, १०.२०.१.९९ वरून, त्याच २३२.१०.१.१ वर पाठवा. निपाणीत त्याचं एकही पॅकेट यायला नको. आलं, तर कुठेतरी आरपी किंवा सोर्सशिवायची मागणी जिवंत आहे. हे संरक्षण राउटर देतो हे मात्र लक्षात ठेवा. निपाणीच्याच स्विचवर बसून कोणी त्या ग्रुपवर पाठवलं तर मध्ये राउटर नाही, आणि मॅक पाहणारा स्विच ते पुढे ढकलू शकतो. त्यासाठी गिऱ्हाइकांचे पोर्ट एकमेकांपासून वेगळे ठेवणं, म्हणजे पोर्ट आयसोलेशन, लागतं.

चाचणी किमान १० मिनिटं चालू ठेवा. दोन मिनिटं चित्र चाललं म्हणून उठलात तर सर्वांत नेहमीचा दोष सुटतो. क्वेरियरची विचारणा बॉक्सपर्यंत पोचत नसेल, तर पहिल्या मागणीवर चित्र सुरू होतं आणि नोंदीची मुदत संपली की थांबतं. विचारणा ६० सेकंदांनी असेल तर १३० सेकंदांनंतर, १२५ सेकंदांनी असेल तर २६० सेकंदांनंतर. चॅनल बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. गिऱ्हाईक ‘थोड्या थोड्या वेळाने अडकतंय’ म्हणून सांगतो आणि सगळे फायबर तपासत बसतात. राउटरांमधल्या पिमच्या मागण्या ६० सेकंदांनी ताज्या होतात आणि २१० सेकंद टिकतात, म्हणून तोही दोष १० मिनिटांत उघडा पडतो.

राखीव वाट

आता संकेश्वरची लिंक काढा. ओएसपीएफ चिक्कोडीकडे वळेल, निपाणीच्या राउटरची सोर्सकडची वाट बदलेल आणि तो नव्या दिशेला मागणी पाठवेल. चिक्कोडीकडच्या एखाद्या लिंकवर पिम नसेल तर इंटरनेट चालू राहतं आणि सगळे चॅनल एकदम जातात. हे लक्षण पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

वेळही मोजा. पोर्ट खाली गेल्याचं राउटरला लगेच कळलं तर खंड काही सेकंदांचाच राहतो. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर तांब्याच्या वायरीला जोडणारा डबा) असेल तर फायबर तुटूनही राउटरचा तांब्याचा पोर्ट वरच राहतो आणि ओएसपीएफला शेजारी गेल्याचं कळायला मूळ सेटिंगमध्ये ४० सेकंद लागतात. कन्व्हर्टरवर लिंक फॉल्ट पास-थ्रूचा (फायबर तुटलं की तांब्याचा पोर्टही खाली पाडणारा) स्विच असेल तर तो चालू करा, किंवा कन्व्हर्टर काढून फायबर थेट राउटरच्या एसएफपीत, म्हणजे फायबरच्या पोर्टमध्ये, घ्या, किंवा बीएफडी (शेजारी गेल्याचं चटकन ओळखणारा प्रोटोकॉल) लावा. पावसाळ्यात आणि रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटणं आपल्याकडे नित्याचं आहे, म्हणून हे ४० सेकंद कमी करणं चॅनलची संख्या वाढवण्याच्या आधी करावं. खानापूरला दुसरी वाटच नाही; तिथे तपासायचं ते एवढंच, की वीज गेल्यावर ओएलटी आणि राउटर कुठल्याही क्रमाने चालू झाले तरी १० मिनिटांच्या आत, कोणी हात न लावता, व्हीलॅनमधल्या बॉक्सवर चित्र परत येतं का.